आकाशाचा परवाना

पाठपरिचय

विमान चालविण्याचा परवाना मिळविण्यासाठी आज उमेदवाराला दोन प्रकारच्या परीक्षा द्याव्या लागतात. एक परीक्षा आकाशात होते, तर दुसरी जमिनीवर, कागदावर. वाऱ्याची दिशा व ढगांचे प्रकार कसे ओळखावेत, नकाशावरून मार्ग कसा काढावा, इंजिनाचे कार्य कसे चालते, उड्डाणाचे नियम कोणते, हे सारे लेखी परीक्षेत विचारले जाते. हात कितीही सफाईदार असला, तरी लेखी परीक्षेत अनुत्तीर्ण होणाऱ्यास परवाना मिळत नाही. म्हणजेच विमान चालविणे हे केवळ धाडस नव्हे; ती अभ्यासाने मिळवावयाची विद्या आहे.

प्रस्तुत पाठात बेसी कोलमन (१८९२–१९२६) या अमेरिकी वैमानिक स्त्रीचे चरित्र थोडक्यात सांगितले आहे. तिच्या देशातील एकाही विमानविद्यालयाने तिला प्रवेश दिला नाही. तेव्हा ती परकी भाषा शिकली, समुद्र ओलांडून गेली आणि परवाना घेऊनच परतली. शिक्षणात खंड पडला, वय वाढले आणि पैसा नसला, तरीही शिकण्याची वाट कशी शोधता येते, याचे दर्शन या चरित्रातून घडते.

कापसाच्या शेतातील शाळा

बेसीचा जन्म २६ जानेवारी १८९२ रोजी अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील अटलांटा या लहानशा गावी झाला. तिचे वडील जॉर्ज व आई सुझन दुसऱ्याच्या मालकीची शेती वाट्याने कसत. तेरा भावंडांमध्ये बेसी दहावी. त्यांपैकी काही मुले बालपणीच दगावली. बेसी दोन वर्षांची असताना हे कुटुंब वॉक्साहॅची या गावी येऊन राहिले. कापूस पिकविणारा हा प्रदेश. गावाचे व्यवहार, लोकांची कमाई आणि मुलांची शाळा, सारे काही कापसाच्या हंगामावर अवलंबून असे.

अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने १८६५ मध्ये संपुष्टात आली होती. परंतु दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय लोकांचे जीवन त्यानंतरही अपमानाचे व भयाचे होते. त्यांच्यासाठी शाळा वेगळी, आगगाडीचा डबा वेगळा, दवाखान्याचे दारही वेगळे असे. मतदानाचा हक्क कागदोपत्री असला, तरी तो बजावता येऊ नये अशी व्यवस्था केलेली होती. बेसीच्या वडिलांच्या घराण्यात अमेरिकेतील मूळ रहिवाशांचेही रक्त होते. त्यांना या भेदभावाचा उबग आला. १९०१ मध्ये त्यांनी ओक्लाहोमाकडील मूळ रहिवाशांच्या प्रदेशात जाण्याचे ठरविले. सुझनला ते मान्य नव्हते. वडील एकटेच निघून गेले आणि घराचा सारा भार आईवर येऊन पडला. बेसी तेव्हा नऊ वर्षांची होती.

आई दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक व धुणीभांडी करू लागली. धाकट्या बहिणींना सांभाळण्याचे काम बेसीकडे आले. शाळा घरापासून सुमारे चार मैल दूर होती. एकच खोली, त्यातच सर्व वर्ग. पुस्तके अपुरी, कधी लिहायला पाटीही नसे. कापूस वेचणीला आला की शाळा बंद होई आणि मुले शेतात जात. अशाही स्थितीत गणित हा बेसीचा आवडता विषय झाला. कापूस वेचण्यात तिला फारशी गोडी नव्हती. पण घरातील माणसांनी किती कापूस वेचला, त्याचे वजन किती भरले, किती पैसे यावयाचे, याचा हिशेब ती चोख ठेवी. वजनकाट्यापाशी उभ्या असलेल्या गरीब माणसाला आकडे कळत असतील, तर त्याला फसविणे सोपे नसते, हे तिला फार लवकर उमगले.

आईला स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हते. तरीही मुले शिकली पाहिजेत, याविषयी तिच्या मनात शंका नव्हती. गावात अधूनमधून पुस्तकांची फिरती गाडी येई. तिच्यावरून आई पुस्तके आणून ठेवी. रात्री दिव्याच्या उजेडात बेसी ती मोठ्याने वाची आणि सारे घर ऐके. गुलामगिरीतून स्वतः निसटून पुढे अनेकांना सोडविणाऱ्या हॅरिएट टबमनसारख्या स्त्रियांच्या हकिकती तिने अशाच वाचल्या. धुणी धुऊन मिळणारी स्वतःची कमाई बेसीने शिक्षणासाठी साठवावी, अशी मुभा आईने तिला दिली. ज्या घरात एकेका नाण्याची गरज होती, त्या घरात ही मुभा म्हणजे मोठाच त्याग होता.

साठविलेल्या पैशांच्या बळावर बेसीने १९१० मध्ये ओक्लाहोमातील लँगस्टन येथील कृष्णवर्णीयांसाठीच्या महाविद्यालयात प्रवेश घेतला. परंतु एकाच सत्रात पैसे संपले. अठरा वर्षांची बेसी पुन्हा वॉक्साहॅचीला परतली आणि पुन्हा लोकांचे कपडे धुऊ लागली. तिचे औपचारिक शिक्षण येथेच थांबले. शिकण्याची इच्छा मात्र थांबली नाही.

शिकागोतील नवे स्वप्न

त्या काळी दक्षिणेतील हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे काम आणि मोकळा श्वास यांच्या शोधात उत्तरेकडील शहरांत जात होती. बेसीचे थोरले भाऊ शिकागोत राहत होते. १९१५ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तीही तेथे गेली. तिने हातांच्या नखांची निगा राखण्याचे शिक्षण घेतले आणि एका केशकर्तनालयात नोकरी धरली. पुरुषांचे केस कापले जात असताना त्यांची नखे कापावी, घासावी, साफ करावी, असे तिचे काम होते. या दुकानात नाना तऱ्हेचे लोक येत. व्यापारी, वर्तमानपत्रवाले, खेळाडू, युद्धावरून परतलेले सैनिक. हात चालू असे आणि कान उघडे असत. बाहेरच्या जगाच्या कितीतरी वार्ता बेसीला तेथे बसल्या जागी मिळत.

पहिले महायुद्ध १९१८ मध्ये संपले. बेसीचा भाऊ जॉन हा सैनिक म्हणून फ्रान्समध्ये जाऊन आला होता. एके दिवशी तो दुकानात आला आणि सर्वांदेखत बहिणीची थट्टा करू लागला. फ्रान्समधील बायका किती पुढे गेल्या आहेत, त्या विमानसुद्धा चालवितात, ते काही इथल्या कृष्णवर्णीय बायकांना साधणारे नाही, असा त्याच्या बोलण्याचा रोख होता. ऐकणारे हसले. बेसीने मात्र ती थट्टा मनावर घेतली. आपण वैमानिक व्हावयाचे, असा तिने निश्चय केला.

निश्चय करणे सोपे होते. शिकणार कोठे, हा प्रश्न होता. अमेरिकेतील विमानविद्यालयांकडे तिने विचारणा केली. सर्वत्र नकार मिळाला. या नकाराला दोन कारणे होती. ती स्त्री होती आणि ती कृष्णवर्णीय होती. अमेरिकी सैन्याच्या विमानदलातही कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. यूजीन बुलार्ड या कृष्णवर्णीय अमेरिकी तरुणाने महायुद्धात लढाऊ विमान चालविले होते, ते फ्रान्सच्या बाजूने. त्याच्या स्वतःच्या देशाने त्याला ती संधी दिली नव्हती.

परक्या भाषेचा अभ्यास

शिकागोतील कृष्णवर्णीय समाजात ‘शिकागो डिफेंडर’ या वर्तमानपत्राला मोठे वजन होते. त्याचे संस्थापक रॉबर्ट ॲबट यांच्याशी बेसीची ओळख होती. आपली अडचण तिने त्यांना सांगितली. ॲबट यांनी तिला फ्रान्सला जाऊन शिकण्याचा सल्ला दिला. विमानविद्येत तो देश त्या वेळी अग्रेसर होता आणि तेथे वर्णभेदाची भिंत इतकी उंच नव्हती. पण तेथील विद्यालयाकडे अर्ज फ्रेंच भाषेत करावा लागणार होता. शिकविणाराही फ्रेंचमध्येच शिकविणार होता. तेव्हा आधी भाषा शिकणे भाग होते.

बेसी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती. दिवसभर काम करून ती फ्रेंचच्या वर्गाला जाऊ लागली. शाळा सुटून बरीच वर्षे लोटलेल्या माणसाला नव्या भाषेची अक्षरे, उच्चार आणि व्याकरण यांची सवय लावणे किती कष्टाचे असते, हे ज्याने अनुभवले आहे, त्यालाच कळेल. शिवाय तिला केवळ बाजारहाटापुरती भाषा पुरणार नव्हती. इंजिन, पंख, सुकाणू, वाऱ्याचा वेग यांविषयीच्या सूचना ऐकताक्षणी समजणे आवश्यक होते. आकाशात शिक्षकाचे एखादे वाक्य कळले नाही, तर ते पुन्हा विचारण्याइतका वेळ मिळेलच, याची खात्री नसते.

पैशांसाठी तिने आणखी एक नोकरी पत्करली. एका खाणावळीची व्यवस्था ती पाहू लागली. तिची बचत आणि ॲबट यांच्यासह शिकागोतील बँक-व्यावसायिक जेसी बिंगा यांसारख्या हितचिंतकांचे साहाय्य यांतून प्रवासाची सोय झाली. २० नोव्हेंबर १९२० रोजी न्यूयॉर्कच्या बंदरातून ती जहाजाने फ्रान्सकडे निघाली.

ल क्रोत्वा येथील परीक्षा

पॅरिसमधील ज्या विद्यालयाकडे तिने आधी विचारणा केली, तेथे विद्यार्थिनींना अपघाती मृत्यू आल्यामुळे स्त्रियांना प्रवेश देणे बंद झाले होते. समुद्र ओलांडून आल्यावरही पुन्हा नकारच पुढे उभा राहिला. पण बेसी खचली नाही. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्याजवळ, सॉम नदीच्या मुखाशी ल क्रोत्वा नावाचे गाव आहे. तेथे कोद्रों बंधूंचे नामवंत विमानविद्यालय होते. तेथे तिला प्रवेश मिळाला.

शिक्षणासाठी न्यूपोर बनावटीचे विमान वापरले जाई. लाकडी सांगाडा, त्यावर ताणून बसविलेले कापड, एकावर एक असे दोन पंख आणि ते जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या तारा, असे हे विमान होते. त्यात एकामागे एक दोन आसने असत. शिक्षक पुढे बसे, विद्यार्थी मागे. इंजिनाच्या गोंगाटात बोलणे ऐकू येणे कठीण. विद्यार्थ्यापुढेही तसाच दांडा आणि पायाखाली तसाच आडवा दांडा असे. शिक्षकाने आपला दांडा हलविला की विद्यार्थ्याच्या हातातील दांडाही हले. त्या हालचालीवरून विमान केव्हा उचलावे, केव्हा वळवावे, हे शिकावयाचे. विमानाला ब्रेक नव्हते. खाली उतरल्यावर शेपटीखालची पट्टी जमिनीवर घासत जाई आणि विमान हळूहळू थांबे.

उड्डाणाइतकेच महत्त्व उड्डाणापूर्वीच्या तपासणीला होते. प्रत्येक वेळी पंख, तारा, कापड, सांधे आणि इंजिन बारकाईने पाहावे लागे. कोठे तार सैल झाली आहे, कोठे कापड उसवले आहे, हे जमिनीवर ध्यानात आले नाही, तर त्याची किंमत आकाशात मोजावी लागे. एका सहविद्यार्थ्याचा अपघाती मृत्यू बेसीने शिक्षण चालू असताना पाहिला. त्या धक्क्यातून सावरून ती पुन्हा विमानात बसली. लहानपणी शाळेसाठी ती चार मैल चालत जाई. येथेही विमानतळ गाठण्यासाठी तिला रोज कित्येक मैल पायपीट करावी लागे. थंडीचे दिवस, समुद्रावरून येणारा बोचरा वारा, परकी भाषा आणि वर्गात तिच्यासारखी दुसरी कोणीही नाही, अशा परिस्थितीत सुमारे सात महिने हा अभ्यास चालला.

शेवटी परीक्षा झाली. आंतरराष्ट्रीय वैमानिक संघटनेने घालून दिलेल्या नियमांप्रमाणे उमेदवाराला पाच किलोमीटरचा ठरलेला मार्ग हवेतून पार करावा लागे. इंग्रजी आठ या आकड्याच्या आकारात विमान डावीकडे व उजवीकडे वळवून दाखवावे लागे. किमान ५० मीटर उंची गाठावी लागे. आणि अखेरीस, जमिनीला चाके टेकण्यापूर्वी इंजिन बंद करून, आखून दिलेल्या खुणेपासून ५० मीटरांच्या आत विमान उतरवावे लागे. यांतील शेवटची कसोटी सर्वांत अवघड होती. इंजिन बंद झाल्यावर चूक सुधारण्यास वाव नसे. वारा किती, उंची किती, विमान किती पुढे सरकेल, याचा अंदाज आधीच अचूक बांधावा लागे. लहानपणी कापसाच्या वजनकाट्यापाशी ज्या मुलीचा हिशेब चुकत नसे, तिचा हाही हिशेब चुकला नाही.

१५ जून १९२१ रोजी बेसी कोलमनला आंतरराष्ट्रीय मान्यतेचा वैमानिक परवाना मिळाला. असा परवाना मिळविणारी ती पहिली कृष्णवर्णीय अमेरिकी स्त्री होय. मूळ अमेरिकी वंशाचा वारसा असलेली पहिली वैमानिक स्त्री म्हणूनही तिचा उल्लेख होतो. परवान्यावर तिचे जन्मवर्ष १८९६ असे नोंदलेले आहे. म्हणजे तिने आपले वय चार वर्षांनी कमी सांगितले होते. स्त्रीला, त्यातही एकोणतीस वर्षांच्या स्त्रीला, शिकण्याचे वय उलटून गेले असे जग सहज म्हणते. तिला कदाचित त्याचीच धास्ती वाटली असावी.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्या वेळी अमेरिकेत वैमानिकांसाठी परवाना सक्तीचा करणारा राष्ट्रीय कायदा नव्हता. कित्येक गौरवर्णीय वैमानिक परवान्यावाचून खुशाल विमाने उडवीत. त्यांना कोणी पुरावा मागत नसे. बेसीला मात्र पुराव्याची गरज होती. तिला हे जमणार नाही, असे गृहीत धरणाऱ्या जगासमोर ठेवण्यासाठी तो एक कागद तिने अर्धे जग ओलांडून मिळविला.

परवान्यानंतरची कसोटी

सप्टेंबर १९२१ मध्ये बेसी अमेरिकेत परतली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिची दखल घेतली. परंतु कौतुकाने पोट भरत नाही. प्रवासी विमानसेवेचे युग अद्याप सुरू व्हावयाचे होते. विमान चालवून उदरनिर्वाह करावयाचा, तर आकाशात थरारक कसरती करून लोकांना दाखविणे, हाच मार्ग होता. त्यासाठी अधिक प्रगत शिक्षण हवे होते आणि ते देण्यास अमेरिकेत कोणी तयार नव्हते. म्हणून १९२२ मध्ये ती पुन्हा युरोपात गेली. फ्रान्स, हॉलंड व जर्मनी येथे तिने पुढील अभ्यास केला.

३ सप्टेंबर १९२२ रोजी न्यूयॉर्कजवळच्या कर्टिस मैदानावर तिचे पहिले जाहीर प्रात्यक्षिक झाले. महायुद्धात लढलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांच्या पलटणीच्या सन्मानार्थ हा कार्यक्रम योजिला होता. पुढे शिकागोत आणि इतर अनेक शहरांत तिने प्रयोग केले. कधी विमान गिरकी घेई, कधी उलटे होई, कधी वेगाने खाली झेपावून जमिनीलगत पुन्हा वर उचलले जाई. ते पाहणाऱ्या हजारो लोकांमध्ये असे कितीतरी कृष्णवर्णीय होते, की ज्यांनी आपल्यातील कोणी विमान चालवीत असल्याचे कधी पाहिले नव्हते.

याच सुमारास एका चित्रपटात काम करण्याची संधी तिच्याकडे चालून आली. पैसा व प्रसिद्धी दोन्ही मिळणार होती. परंतु पहिल्याच दृश्यात फाटके कपडे घालून, हातात काठी व पाठीवर गाठोडे घेऊन यावे, असे तिला सांगण्यात आले. कृष्णवर्णीय माणूस म्हणजे दीन व अडाणी, ही समजूत तिला आपल्या हाताने बळकट करावयाची नव्हती. तिने ते काम सोडून दिले. त्यामुळे काही सहकारी दुरावले आणि आर्थिक नुकसानही झाले. तरीही तिने माघार घेतली नाही.

१९२३ च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियात तिच्या जुन्या विमानाचे इंजिन उड्डाणानंतर लगेच बंद पडले आणि विमान कोसळले. तिचा पाय मोडला, बरगड्यांनाही इजा झाली. विमान नष्ट झाले. बरी होताच आपण पुन्हा उडणार, असे तिने रुग्णालयातूनच कळविले. नव्या विमानासाठी पैसे जमवून पुन्हा उभे राहण्यास तिला दोन वर्षांहून अधिक काळ लागला.

१९२५ मध्ये टेक्सासमध्ये तिच्या प्रयोगांची मालिका झाली. वॉक्साहॅची या तिच्या गावीही कार्यक्रम ठरला. मैदानात जाण्यासाठी गौरवर्णीयांना एक दार आणि कृष्णवर्णीयांना दुसरे दार ठेवावयाचे, असा आयोजकांचा बेत होता. दार एकच नसेल, तर आपण विमानात पाऊल ठेवणार नाही, असे बेसीने ठामपणे सांगितले. अखेर सर्वांना एकाच दाराने आत सोडण्यात आले. आत बसण्याच्या जागा वेगळ्याच राहिल्या. एका माणसाच्या आग्रहाने सारा भेदभाव नाहीसा झाला नाही. पण ज्या गावात तिने लोकांची धुणी धुतली होती, त्या गावाला त्या दिवशी एक दार तिच्या म्हणण्याप्रमाणे ठेवावे लागले.

अपुरे राहिलेले स्वप्न

या साऱ्या धडपडीमागे एक स्वप्न होते. कृष्णवर्णीय तरुण-तरुणींसाठी विमानविद्यालय काढावे, म्हणजे शिकण्यासाठी पुन्हा कोणाला समुद्र ओलांडावा लागू नये, असे तिला वाटे. त्यासाठी ती चर्चमध्ये, शाळांत, नाट्यगृहांत व्याख्याने देई आणि आपल्या उड्डाणांची चित्रफीत दाखवी. काही काळ फ्लॉरिडातील ऑरलँडो येथे राहून तिने सौंदर्यप्रसाधनाचे दुकानही चालविले. मिळेल तो पैसा ती साठवीत होती.

१ मे १९२६ रोजी फ्लॉरिडातीलच जॅक्सनव्हिल येथे तिचे प्रात्यक्षिक व्हावयाचे होते. त्यासाठी टेक्सासमधील डॅलस येथून तिने एक जुने विमान विकत घेतले होते. विल्यम विल्स हा चोवीस वर्षांचा यांत्रिक ते उडवीत घेऊन आला. वाटेत बिघाडामुळे त्याला विमान मध्येच उतरवावे लागले होते. नवे, सुस्थितीतील विमान घेण्याइतका पैसा बेसीजवळ नव्हता. जे परवडले, त्यावरच तिला भरवसा ठेवावा लागला.

३० एप्रिल १९२६ च्या सकाळी ती मैदानाची पाहणी करण्यासाठी विल्सबरोबर आकाशात गेली. विमान विल्स चालवीत होता. दुसऱ्या दिवशी हवाई छत्रीच्या साहाय्याने कोठे उडी घेता येईल, हे खाली वाकून पाहता यावे, म्हणून बेसीने कमरेचा पट्टा बांधला नव्हता. अचानक विमान वेगाने खाली झेपावले आणि उलटे झाले. बेसी बाहेर फेकली गेली आणि तिचा मृत्यू झाला. विमान जमिनीवर आदळून विल्सही मरण पावला. यंत्र दुरुस्त करण्याचा एक पाना विमानाच्या नियंत्रक यंत्रणेत अडकला होता, असे नंतर आढळून आले. ल क्रोत्वाच्या मैदानावर ज्या तपासणीचा पहिला धडा तिने गिरविला होता, त्या तपासणीतून सुटलेली एक वस्तू दोन जिवांच्या नाशाला कारणीभूत ठरली. मृत्युसमयी बेसी अवघी चौतीस वर्षांची होती.

तिचे पार्थिव शिकागोला आणण्यात आले. तेथे सुमारे दहा हजार लोकांनी तिला अखेरचा निरोप दिला. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झुंजणाऱ्या पत्रकार आयडा वेल्स यांनी त्या शोकसभेचे सूत्रसंचालन केले.

वारसा

बेसीच्या मृत्यूनंतर तीनच आठवड्यांनी, २० मे १९२६ रोजी, अमेरिकेत हवाई वाहतुकीचा राष्ट्रीय कायदा झाला. त्यानंतर वैमानिकांना परवाना आवश्यक ठरला आणि लेखी परीक्षा व उड्डाणाची परीक्षा असे तिचे स्वरूप निश्चित होत गेले. जो परवाना बेसीने स्वेच्छेने, एवढ्या कष्टाने मिळविला होता, तो आता सर्वांनाच मिळवावा लागणार होता.

विद्यालयाचे तिचे स्वप्न इतरांनी पुढे नेले. विल्यम पॉवेल यांनी १९२९ मध्ये लॉस एंजेलिस येथे तिच्या नावाने वैमानिक मंडळ स्थापन केले आणि स्त्री-पुरुष दोघांनाही शिक्षण दिले. शिकागोतही कृष्णवर्णीय वैमानिक संघटित झाले. दरवर्षी तिच्या समाधीवर विमानातून फुले वाहण्याची प्रथा त्यांनी सुरू केली. याच शिकागोत विला ब्राउन ही तरुणी विमानविद्या शिकली. १९३८ मध्ये तिने परीक्षेत ९६ टक्के गुण मिळविले आणि अमेरिकेतच परवाना मिळविणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री होण्याचा मान तिला लाभला. कॉर्नेलियस कॉफी यांच्या सहकार्याने तिने विमानविद्यालय चालविले. तेथून शिकून गेलेले काही तरुण दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याचे वैमानिक झाले.

सप्टेंबर १९९२ मध्ये मे जेमिसन ही पहिली कृष्णवर्णीय स्त्री अंतराळात गेली. तिने सोबत बेसी कोलमनचे छायाचित्र नेले होते. अमेरिकेच्या टपालखात्याने १९९५ मध्ये बेसीचे तिकीट काढले. २०२३ मध्ये पाव डॉलरच्या नाण्यावर तिची प्रतिमा आली. धुण्याची एकेक नाणी शिक्षणासाठी गाठीला बांधणारी ती मुलगी अखेर आपल्या देशाच्या नाण्यावर विराजमान झाली.

बेसीच्या आयुष्यातील उड्डाणाची वर्षे पाचच होती. त्याआधीची तयारी मात्र जन्मभराची होती. आईपुढे केलेले वाचन, कापसाचा हिशेब, एका सत्रात सुटलेले महाविद्यालय, रात्री गिरविलेली परकी भाषा, या साऱ्यांचा उपयोग ल क्रोत्वाच्या त्या एका परीक्षेत झाला. खंड पडलेले शिक्षण वाया जात नाही. ते पुढच्या इयत्तेची वाट पाहत थांबलेले असते, हेच तिच्या चरित्रातून दिसून येते.

स्वाध्याय

१. बेसीच्या शिक्षणात कोणकोणत्या वेळी खंड पडला? प्रत्येक वेळी तिने काय केले?

२. विमान शिकण्यापूर्वी बेसीला फ्रेंच भाषा शिकणे का आवश्यक होते?

३. ल क्रोत्वा येथील परीक्षेतील कोणती कसोटी सर्वांत अवघड होती? कारण लिहा.

४. वॉक्साहॅची येथील एका दाराच्या प्रसंगातून बेसीचे कोणते गुण दिसतात? त्या आग्रहाला मिळालेले यश पूर्ण होते की अपुरे, याविषयी तुमचे मत मांडा.

५. तुमच्या परिचयातील, शाळा सुटल्यानंतर पुन्हा शिकू लागलेल्या एखाद्या व्यक्तीविषयी दहा ओळी लिहा.